मूक दुरुस्तीचा रोजनामा

कचेरीच्या, बँकेच्या किंवा महाविद्यालयाच्या इमारतीत, बहुधा जिन्याखालच्या कपाटात नाहीतर जुन्या दप्तराच्या गठ्ठ्यांमागे, निळ्या-करड्या तारांच्या गुंत्यात बारीक हिरवे दिवे लुकलुकवीत बसलेली जी एक चपटी लोखंडी पेटी असते, तिच्याकडे तेथील माणसांचे लक्ष वर्षानुवर्षे जात नाही. आणि गेलेच, तर ते ‘नेट बंद पडले’ या ओरड्याबरोबरच जाते. या पेटीला स्विच म्हणतात. एका संगणकाने धाडलेला मजकूर ज्याच्यासाठी असेल त्याच्याच तारेवर नेऊन सोडणे, आणि कोणता संगणक आपल्या कोणत्या पोर्टपलीकडे, म्हणजे तार खोचण्याच्या खाचेपलीकडे, आहे हे येणाऱ्या मजकुरावरील पत्ते वाचून आपले आपण शिकत राहणे, एवढेच तिचे काम. मजकूर सर्वांनाच उद्देशून असेल, किंवा ज्याचा पत्ता अद्याप ठाऊक झालेला नाही अशा कोणासाठी असेल, तर तो ज्या पोर्टातून आला ते सोडून उरलेल्या सर्व पोर्टांतून बाहेर पाठवावा, असा तिचा शिरस्ता आहे. मोठ्या इमारतीत अशा पेट्या अनेक असतात, त्या एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि एक तार तुटली तर काम अडू नये म्हणून त्यांच्यामध्ये दुसरी तार टाकण्याचा विचार कोणाही सुज्ञ माणसाला सुचतो.

आश्चर्य असे की, केवळ सुरक्षिततेसाठी टाकलेली ही दुसरी तारच सबंध जाळे बुडविण्यास समर्थ असते. दोन स्विचांमध्ये दोन वाटा झाल्या की वर्तुळ तयार होते. सर्वांना उद्देशून निघालेला मजकूर एका वाटेने जातो, दुसऱ्या वाटेने परत येतो, पुन्हा सर्व पोर्टांतून बाहेर पडतो, आणि या फेऱ्यांना अंत राहत नाही. इंटरनेटच्या पाकिटावर त्याच्या आयुर्मर्यादेचा एक आकडा असतो, तो प्रत्येक मुक्कामाला एकाने घटतो आणि शून्यावर आला की पाकीट टाकून दिले जाते. परंतु स्विच मजकुराच्या ज्या ईथरनेट चौकटी हाताळतो त्यांत असा आकडाच नाही, त्यामुळे वर्तुळात सापडलेल्या चौकटीला मरण नाही. जोडीला ती प्रत्येक फेरीत आपल्या प्रती वाटीत जाते, आणि पाहता पाहता तारांची सर्व क्षमता या एकाच निरर्थक मजकुराने व्यापली जाते. या प्रकाराला ‘ब्रॉडकास्ट स्टॉर्म’ म्हणतात; आणि तो उठविण्यास शत्रूची गरज नसते, बैठकीच्या खोलीत लोंबकळणारे एका पॅच कॉर्डचे मोकळे टोक कोणी सद्भावनेने जवळच्या रिकाम्या पोर्टात खोचले तरी पुरते.

या संकटावरील तोड अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत काम करणाऱ्या रेडिया पर्लमन या संशोधक महिलेने काढली, आणि १९८५ साली ती निबंधरूपाने प्रसिद्ध केली. निबंधाला त्यांनी स्वतः रचलेली एक लहानशी कविताही जोडली होती, आणि तांत्रिक वाङ्मयात असे काव्य विरळ असल्यामुळे त्या क्षेत्रातील मंडळी तिचे आजही कौतुक करतात. पद्धतीचे नाव स्पॅनिंग ट्री. १९९० साली तिला ‘८०२.१डी’ या क्रमांकाने अधिकृत प्रमाणाचा दर्जा मिळाला, आणि २००१ साली तिची अधिक चपळ आवृत्ती आली. तिचे मर्म असे आहे. सर्व स्विच आपापसांत एकाला ‘रूट’, म्हणजे मूळस्थान, म्हणून निवडतात. मग प्रत्येक जण त्या मुळाकडे जाणारी आपली सर्वांत स्वस्त वाट कायम ठेवतो, आणि ज्या जास्तीच्या वाटांनी वर्तुळ झाले असते त्या वाटा तारा न काढता, नुसत्या अडवून, राखीव ठेवतो. निवडणूक अगदी यांत्रिक असते. प्रत्येक स्विचला प्राधान्याचा एक आकडा असतो, तो कारखान्यातून ३२७६८ येतो. ज्याचा आकडा लहान तो जिंकतो, आणि आकडे सारखे निघाले तर ज्याचा जन्मजात (‘मॅक’) पत्ता लहान त्याच्याकडे मूळपद जाते. मूळ स्विच दर २ सेकंदांनी आपल्या अस्तित्वाची द्वाही फिरवितो. ती सलग २० सेकंद कानी पडली नाही, तर बाकीचे स्विच मूळ गेले असे मानून नवी मांडणी करतात. आणि राखीव वाट खुली करण्यापूर्वी १५ सेकंद ऐकण्यात व १५ सेकंद पत्ते शिकण्यात घालवितात. जुन्या पद्धतीत या सर्वाला अर्ध्या मिनिटापासून पाऊण-एक मिनिटापर्यंत वेळ लागे. नव्या पद्धतीत तेच काम बहुधा एखाद्या सेकंदाच्या आत उरकते.

येथवरचा वृत्तांत या पद्धतीच्या थोरवीचा झाला. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय या थोरवीच्या पोटात दडलेला एक धोका आहे. स्पॅनिंग ट्री आपले काम इतक्या निमूटपणे करते की, तार तुटली आणि राखीव वाट उघडली हे कोणाला कळतच नाही. दोन किल्ल्यांपैकी एक हरवली तरी दार उघडत राहते, आणि दुसरी हरवते त्या दिवशीच पहिली हरवल्याची आठवण होते, तसा हा प्रकार आहे. पहिला बिघाड पद्धतीने झाकला. तो झाकला गेल्याची खबर कोणाला गेली नाही. म्हणून दुरुस्ती झाली नाही. आणि सहा महिन्यांनी दुसरी तार गेली तेव्हा ‘अचानक’ सर्व बंद पडले. वस्तुतः अचानक काहीच घडलेले नव्हते. जी यंत्रणा स्वतःला सावरते ती स्वतःचा दोषही लपविते, आणि म्हणून तिच्याकडून प्रत्येक सावरण्याची नोंद सक्तीने करून घ्यावी लागते. स्विचवर स्पॅनिंग ट्रीची लॉगिंग आणि इशारे यांची व्यवस्था लावणे म्हणजे ही सक्ती करणे होय.

दुर्लक्षाची किंमत केवढी असू शकते याचे बहुचर्चित उदाहरण बॉस्टन शहरातील बेथ इस्राएल डीकनेस या रुग्णालयाचे आहे. १९९६ साली दोन रुग्णालयांच्या विलीनीकरणातून ही संस्था झाली, आणि तिचे जाळे गरजेनुसार तुकड्यातुकड्यांनी वाढत गेले. स्पॅनिंग ट्रीच्या मूळ प्रमाणात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७ स्विचांची मर्यादा सुचविलेली आहे, कारण त्यापलीकडे मुळाची द्वाही वेळेत पोहोचेल याची शाश्वती राहत नाही. वाढीच्या ओघात या मर्यादेचे भान सुटले. १३ नोव्हेंबर २००२ रोजी संशोधनकामातील माहितीचा एक मोठा लोंढा निमित्त झाला, स्पॅनिंग ट्रीचा तोल गेला, आणि सुमारे चार दिवस त्या अत्याधुनिक रुग्णालयाला तपासण्यांचे कागद आणि औषधांच्या चिठ्ठ्या पुन्हा हाताने लिहून माणसांकरवी पोहोचवाव्या लागल्या. संस्थेचे माहिती-अधिकारी जॉन हालाम्का यांनी ही हकीकत लपविण्याऐवजी उघडपणे सांगितली, पुढील वर्षी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकाने तिचे विवेचन छापले, आणि त्यामुळे ती अन्य संस्थांना पाठ म्हणून उपलब्ध झाली. जाळ्याची मर्यादा ओलांडली जात असताना तशी वर्दी योग्य माणसाच्या टेबलावर पडण्याची सोय असणे किती मोलाचे, हा त्या पाठाचा एक भाग आहे.

आता स्विच काय सांगू शकतो ते पाहू. त्याच्या आत एक रोजनामा असतो. तार जुळली, तार निखळली, मूळ बदलले, पोर्ट अडविले, अशा घटना त्यात ओळीओळीने उतरतात. प्रत्येक ओळीला ० ते ७ अशी गांभीर्याची एक पायरी असते: ० म्हणजे यंत्र निकामी होण्याइतका प्रसंग, आणि ७ म्हणजे केवळ तंत्रज्ञाच्या कुतूहलापुरता तपशील. सिस्को कंपनीच्या स्विचवरील एक नमुना घ्या. नियम असा की, ज्या पोर्टाला संगणकच जोडायचा तेथून दुसऱ्या स्विचची द्वाही (तांत्रिक नाव ‘बीपीडीयू’) कधीही ऐकू येता कामा नये. ‘बीपीडीयू गार्ड’ नावाचा पहारा बसविला, की ती ऐकू येताच ते पोर्ट बंद होते आणि रोजनाम्यात ‘स्पॅनट्री-२-ब्लॉक_बीपीडीयूगार्ड’ अशी ओळ पोर्टाच्या क्रमांकासह उमटते. मधला २ हा गांभीर्याचा. पाठोपाठ ‘पीएम-४-एरर_डिसेबल’ ही दुसरी ओळ सांगते की, पोर्ट दंडादाखल बंद ठेवण्यात आले आहे, आणि आपोआप उघडण्याची मुदत आधी ठरविली नसेल, तर माणसाने येऊन उघडेपर्यंत ते तसेच राहील. या दोन ओळी वाचणाऱ्याला इमारतीच्या कोणत्या खोलीत कोणी घरून आणलेली स्विचची पेटी गुपचूप जोडली, हे तासाभरात शोधता येते. न वाचणाऱ्याला मात्र ‘तिसऱ्या मजल्यावर नेट येत नाही’ एवढीच कैफियत मिळते.

परंतु कारखान्याने लावलेले गांभीर्य तेच आपले गांभीर्य असे समजणे ही मोठी चूक होईल. एकाच संगणकाचा पत्ता घटकेत या पोर्टावर, घटकेत त्या पोर्टावर दिसू लागतो तेव्हा सिस्कोचा स्विच ‘मॅकफ्लॅप’ अशी नोंद करतो. वायरलेस जोडणीवरील माणूस खोल्या बदलीत असला तरी ती येऊ शकते, पण अनेक पत्ते एकाच वेळी उड्या मारू लागले तर वर्तुळ झाल्याचे याहून स्पष्ट लक्षण नाही. असे असून तिची पायरी ४ आहे, म्हणजे केवळ सावधगिरीच्या इशाऱ्याची. ज्याने ‘३ व त्याहून गंभीर तेवढेच कळवा’ असा हुकूम देऊन ठेवला, त्याच्यापर्यंत ती कधीच पोहोचणार नाही. शिवाय पोर्टांच्या स्थितीतील बदल मुळात नोंदविले जावेत, यासाठी सिस्कोच्या अनेक स्विचांवर एकेका पोर्टाला ‘लॉगिंग इव्हेंट स्पॅनिंग-ट्री’ या शब्दांनी सुरू होणारी आज्ञा स्वतंत्रपणे द्यावी लागते. ती दिली नाही तर त्या बदलांपुरता रोजनामा कोराच राहतो, आणि कोऱ्या रोजनाम्याला लोक शांततेचा पुरावा मानतात.

रोजनामा लिहिला गेला तरी तो टिकेल असे नाही. सिस्कोच्या अनेक स्विचांत त्यासाठी मुळात ४०९६ बाइट एवढीच जागा राखलेली असते, म्हणजे सुमारे चाळीस ओळी. पुढची ओळ आली की सर्वांत जुनी पुसली जाते, आणि वीज गेली की सर्वच जाते. म्हणून प्रत्येक ओळ उमटल्या क्षणी दुसऱ्या सुरक्षित यंत्रावर पाठविण्याची रीत आहे, तिला सिसलॉग म्हणतात. येथे काळाचा एक मजेदार घोटाळा संभवतो. ज्या स्विचांत घड्याळ चालते ठेवणारी बॅटरी नसते ते सुरू होताना आपल्यापुरता १ मार्च १९९३ हा दिवस धरून चालतात. त्यांना नेटवर्कवरून खरी वेळ मिळण्याची सोय केली नसेल, तर आज दुपारचा बिघाड रोजनाम्यात १९९३ च्या मार्च महिन्यातील पहाटे नोंदविलेला सापडतो, आणि वेळेवर भरवसा ठेवू नये म्हणून स्विच त्या ओळीच्या आरंभी एक तारांकन (*) टाकून ठेवतो. दहा स्विचांची दहा घड्याळे दहा दिशांना चालली असतील, तर आधी काय घडले आणि त्यामुळे नंतर काय घडले, हा तपासाचा प्राणभूत प्रश्नच सोडविता येत नाही. घड्याळे जुळविणे म्हणूनच पहिले काम.

सिसलॉगच्या जोडीला इशाऱ्याची दुसरी वाट आहे, ती एसएनएमपी या देखरेख-पद्धतीतील ‘ट्रॅप’ची, म्हणजे स्विचने आपणहून धाडलेल्या वर्दीची. स्पॅनिंग ट्रीसाठी प्रमाणग्रंथात दोनच ट्रॅप सांगितले आहेत: एक ‘न्यूरूट’, मूळ बदलल्याचा, दुसरा ‘टोपॉलॉजी चेंज’, मांडणी बदलल्याचा. यातील पहिल्याची शब्दरचना बारकाईने वाचली तर एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते: हा इशारा जो स्विच नव्याने मूळ झाला, त्यानेच पाठवायचा आहे! म्हणजे कोणी जुन्या कोठडीतून एक स्विच आणून जोडला, त्याचा जन्मजात पत्ता लहान असल्यामुळे तो निवडणुकीत जिंकला, आणि सर्व इमारतीची रहदारी त्या कमकुवत पेटीतून वाहू लागली, तर त्याची वर्दी त्या आगंतुकाने स्वतःच द्यावी, अशी ही योजना; आणि आगंतुकाला आपल्या देखरेखीच्या यंत्राचा पत्ता ठाऊक असण्याचे काहीच कारण नाही. यास्तव शहाणे व्यवस्थापक केवळ ट्रॅपवर विसंबत नाहीत. ते आपल्या निवडलेल्या स्विचला लहान प्राधान्यांक देऊन मूळपद आधीच पक्के करतात, बाहेरच्या अंगाच्या पोर्टांवर, तेथून कोणी मूळपदावर हक्क सांगितल्यास पोर्ट अडविणाऱ्या ‘रूट गार्ड’चा बंदोबस्त ठेवतात, आणि इतर स्विचांच्या रोजनाम्यात मूळ बदलल्याची ओळ दिसताच इशारा निघेल अशी तजवीज करतात, कारण राज्य बदलल्याची खबर प्रजेकडूनही मिळू शकते.

दुसऱ्या ट्रॅपची अडचण उलट प्रकारची आहे. तो फार वेळा येतो. संगणकाच्या पोर्टाला ‘हे टोकाचे पोर्ट आहे, येथून पुढे वाट नाही’ असे सांगितलेले नसेल, तर सकाळी दहा वाजता तीनशे माणसे संगणक सुरू करतात तेव्हा स्विचांना तीनशे वेळा मांडणी बदलल्याचा भास होतो. जुन्या पद्धतीत अशा प्रत्येक वेळी मूळ स्विच ३५ सेकंदांपर्यंत बदलाची आवई पुढे पाठवितो, आणि एरवी ३०० सेकंद जपून ठेवलेले पत्ते सर्व स्विच १५ सेकंदांतच विसरू लागतात. पत्ते विसरले की मजकूर पुन्हा सर्व पोर्टांतून सोडावा लागतो, आणि जाळे विनाकारण मंदावते. टपालपेटीत रोज शेकडो इशारे येऊन पडू लागले, की ते वाचणारा पहिल्या आठवड्यात चिडतो, दुसऱ्या आठवड्यात त्यांना वेगळ्या कप्प्यात वळवितो, आणि तिसऱ्या आठवड्यात खरा इशारा त्याच कप्प्यात निमूट पडून राहतो. यावर उपाय इशारे बंद करणे हा नव्हे. टोकाच्या पोर्टांना त्यांची खरी ओळख करून देणे, म्हणजे ‘पोर्टफास्ट’ लावणे, हा आहे, कारण अशा पोर्टांच्या चढ-उताराने बदलाची आवई उठत नाही. त्यानंतर जे इशारे उरतात ते विरळ आणि अर्थपूर्ण असतात.

एवढे झाल्यावर मांडणी खरोखर बदलली, तर ती कोठून बदलली हे शोधण्याची कला उरते. सिस्कोच्या स्विचला स्पॅनिंग ट्रीचा तपशील विचारला असता तो सांगतो की, आजवर इतके बदल झाले, शेवटचा अमुक वेळापूर्वी झाला, आणि त्याची खबर अमुक पोर्टातून आली. ते पोर्ट ज्या पुढच्या स्विचला जोडले आहे तेथे जायचे, तोच प्रश्न विचारायचा, त्याने दाखविलेल्या पोर्टाचा माग घ्यायचा. असे दोन-तीन मुक्काम केले की माग एका विवक्षित पोर्टाशी येऊन थांबतो, आणि तेथे बहुधा अर्धवट बसलेले कनेक्टर, वाकलेली फायबर किंवा मरणपंथाला लागलेला एखादा पुरवठा-संच सापडतो.

या सर्व व्यवस्थेत एक अंतर्गत विसंगती आहे, तिचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वर्तुळ होऊन वादळ उठले असता इशाराही त्याच बुडालेल्या तारांवरून प्रवास करणार. आणि सिसलॉगची ओळ व ट्रॅप हे दोन्ही बहुधा पोचपावती न मागणाऱ्या वाहनाने जात असल्यामुळे, ते वाटेत गहाळ झाले हे पाठविणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी देखरेखीची तार निराळी ठेवतात. ट्रॅपऐवजी पोचपावती घेणारे ‘इन्फॉर्म’ वापरतात, पण पाऊल ठेवायलाच जागा नसेल तेथे पोचपावतीही पोहोचत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, देखरेखीच्या यंत्राला एक उलटा नियम शिकवितात, तो असा की, स्विचकडून ठरलेल्या वेळी काहीच आले नाही तर तोच इशारा समजावा. ज्या पहारेकऱ्याने दर तासाला ‘सब ठीक’ म्हणावयाचे असते, त्याचे मौन ऐकू येण्यासाठी कोणीतरी तास मोजीत बसावे लागते.

उरतो तो माणसाचा प्रश्न. इशारा कोणाकडे जावा, तो मिळाल्यावर त्या माणसाने काय करावे, आणि त्याने काही न केल्यास तो किती वेळाने कोणाकडे चढावा, हे लिहून ठेवलेले नसेल, तर वरील सर्व खटाटोप शोभेचा ठरतो. मूळ बदलले, रूट गार्डने पोर्ट अडविले, अनेक पत्ते एकदम उड्या मारू लागले, हे प्रसंग मध्यरात्री झोपेतून उठविण्याजोगे आहेत. एका राखीव तारेचे निखळणे सकाळपर्यंत थांबू शकते, मात्र सकाळी त्याची दखल घेतली गेलीच पाहिजे. आणि बाकीचे आठवड्याच्या आढाव्यात पाहिले तरी चालते. या वर्गवारीची परीक्षा कागदावर होत नाही. सुटीच्या दिवशी, कामकाज बंद असताना, संबंधितांना आगाऊ सांगून, दोन तारांपैकी एक हाताने उपसावी, आणि जाळे चालू राहिले का एवढेच न पाहता, उपसल्याची वर्दी ठरलेल्या माणसाच्या हाती ठरलेल्या वेळेत पोहोचली का, हे पाहावे. पहिल्या तालमीत जाळे चालू राहते आणि वर्दी पोहोचत नाही, असेच बहुधा आढळते.

सरकारी आणि खाजगी कचेऱ्यांच्या निविदांमध्ये दुसरी तार, दुसरा स्विच, दुसरा वीजपुरवठा यांची मागणी हल्ली सर्रास असते, त्यांची किंमत मोजली जाते, आणि बसविल्याचा दाखला घेऊन बिल मंजूर होते. पहिली तार निकामी झाल्याचे कोणत्या पदावरील माणसाला किती वेळात कळले पाहिजे, आणि ती किती दिवसांत पूर्ववत झाली पाहिजे, हे कलम मात्र त्या दस्तऐवजांत क्वचितच दिसते. वास्तविक खर्चाच्या दृष्टीने ते सर्वांत स्वस्त आहे, कारण नोंद करण्याची आणि इशारा देण्याची शक्ती विकत घेतलेल्या स्विचांत बहुधा आधीपासूनच असते. ते कलम घातल्याशिवाय दुसऱ्या तारेवर केलेला खर्च फक्त पहिल्या बिघाडापर्यंतच्या कालावधीचा विमा ठरतो, आणि ती मुदत केव्हा संपली हे सांगणारा कोणीच नसतो.